पहिला अल्बम

मला बँडचा पहिला अल्बम आवडतो. कुठल्याही बँडचा. दुसरा-तिसरा बऱ्याचदा जास्त चांगला असतो, हे मान्य. तोवर हात बसलेला असतो, चार पैसे आलेले असतात, बरा स्टुडिओ मिळालेला असतो. पण पहिल्या अल्बमची एक गंमत असते, ती नंतर कधीच येत नाही. तो कुणी मागितलेला नसतो. दुसऱ्या अल्बमची लोक वाट बघत असतात, कंपनी तारीख विचारत असते. पहिल्याची वाट कुणीच बघत नसतं. घरचे तर नाहीच नाही :-)

पहिल्या कवितासंग्रहाचंही असंच असतं. १९६७ साली ना. धों. महानोरांचा 'रानातल्या कविता' आला आणि त्याच वर्षी ग्रेस यांचा 'संध्याकाळच्या कविता'. आज ही दोन नावं टाळून मराठी कवितेबद्दल बोलताच येत नाही. पण १९६६ च्या डिसेंबरात या दोन पुस्तकांची वाट बघणारे महाराष्ट्रात किती लोक असतील? योगायोग असा, की त्याच १९६७ सालात तिकडे न्यूयॉर्कच्या वेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडचा पहिला अल्बम आला. कव्हरवर अँडी वॉरहॉलने काढलेलं पिवळं केळं. तेव्हा फारसा खपला नाही. आज ज्याला इंडी रॉक म्हणतात त्याचं मूळ शोधत मागे मागे गेलं, की बोट बहुतेक वेळा त्या केळ्यावरच जाऊन थांबतं.

(इंडी म्हणजे इंडियन नव्हे हो. इंडिपेंडंट. मोठ्या कंपनीच्या जिवावर न चालणारं, आपलं आपण उभं केलेलं. आपल्याकडे त्याला आणखी एक अर्थ चिकटला आहे, तो म्हणजे सिनेमातलं नसलेलं. आपल्या देशात गाणं सिनेमातलं नसेल तर ते नेमकं कुठलं, हे आधी सांगावं लागतं!)

हे सगळं डोक्यात येण्याचं कारण म्हणजे माझं संध्याकाळचं फिरणं. मी उस्मानपुऱ्यात राहतो. सर्कलपासून निघायचं, स्टेशन रोडने रेल्वे स्टेशनपर्यंत जायचं आणि परत यायचं. माझ्या चालीने चाळीसेक मिनिटं लागतात. म्हणजे बरोबर एक अल्बम. अल्बम चाळीस मिनिटांचाच का असतो याचंही एक साधं कारण आहे. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची मोठी तबकडी आणली. तिच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची. दोन बाजू मिळून चाळीसेक. मग कॅसेट आली, सीडी आली, आता तर मोबाइलमध्ये काही मावण्या-न मावण्याचा प्रश्नच उरला नाही. पण चाळीस मिनिटांची सवय बँडवाल्यांच्या अंगात राहिली आहे, आणि माझ्या पायातही.

आता मुद्द्यावर येतो.

माझा भाचा इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायला आला आणि चार वर्षं आमच्याकडे राहिला. ताई जालन्याला असते. पहिल्या वर्षी आला तेव्हा बॅग आणि गिटार घेऊन आला. दुसऱ्या वर्षी त्याला तिघेजण भेटले. एक ड्रम वाजवणारा, एक बास गिटारवाला आणि एक गाणारा. गाणारा परभणीकडचा, होस्टेलवर राहणारा. पीर बाजाराच्या मागच्या गल्लीत ड्रमरच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, ती बंद पडलेली. तिथे यांचा सराव चालायचा. भिंतींना जुन्या वाकळी टांगल्या होत्या. वाकळींनी आवाज बाहेर जायचा थांबत नाही, हे त्यांना शेजाऱ्यांनी लवकरच समजावून सांगितलं. आतला घुमारा मात्र कमी होतो, आणि रेकॉर्डिंगला तेच हवं असतं. मागच्या उन्हाळ्यात नळाला पाणी ज्या दिवशी यायचं त्या दिवशी सराव बंद. एक तर चौघांना आपापल्या घरी किंवा होस्टेलवर पाणी भरायचं असायचं, आणि दुसरं म्हणजे गल्लीभर मोटारी चालू असताना गाणार काय आणि ऐकणार काय!

यंदा चौघंही शेवटच्या वर्षाला होते. ड्रमरला हिंजवडीला नोकरी लागली, एक जुलैला हजर व्हायचं होतं. बासवाला पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जाणार होता. तीन वर्षांत त्यांची स्वतःची सात गाणी झाली होती. मराठीत. एप्रिलमध्ये एके रात्री जेवण झाल्यावर भाचा माझ्याजवळ येऊन बसला.

"मामा, तुम्ही एवढे अल्बम ऐकता. एक सांगा, सातही गाणी एकदम अल्बम म्हणून काढावीत, की महिन्याला एक-एक सोडावं?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

त्याला काय वाटतं ते त्याने व्यवस्थित मांडलं. इंजिनिअर आहे शेवटी. आजकाल अल्बम सलग ऐकतं कोण? स्पॉटिफाय भारतात २०१९ साली आलं आणि ऐकणं गाण्या-गाण्यावर आलं. त्यांच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी एका वेळी एकच नवं गाणं पाठवता येतं. अल्बम काढला तर सातातलं एक पाठवणार, बाकीची सहा न विचारता पडून राहणार. शिवाय २०२४ पासून त्यांचा नियम असा, की बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला पैसे मिळत नाहीत. सात गाण्यांवर लोक वाटले गेले तर एकही हजाराला पोचणार नाही. एकेक सोडलं तर निदान एखादं तरी पोचेल.

त्याच्या हिशेबात खोट काढायला जागा नव्हती. मी म्हटलं, "आठवडाभर थांब." आणि तो आठवडा मी फिरताना फक्त पहिले अल्बम ऐकायचे ठरवले. गेल्या दहा-बारा वर्षांतले, माझे आवडते. म्हटलं, बघू तरी, ते काय सांगतात.

पहिल्या दिवशी 'आलस का पेड़'. द लोकल ट्रेन या बँडचा, २०१५ सालचा. हा बँड २००८ साली चंदीगडला सुरू झाला, पुढे दिल्लीला गेला. म्हणजे पहिल्या अल्बमला सात वर्षं लागली. सात वर्षांत एक पोरगं पहिलीतून आठवीत जातं! हिंदी गाणी, साधी गिटार, ओरडायचं तिथे ओरडणं आणि बाकी वेळ मोकळा गळा. 'छू लो' हे गाणं मी आधी अल्बमवर ऐकलंच नव्हतं, ते होस्टेलच्या पोरांकडून चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. एखादं गाणं मूळ आवाजाआधी दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात कानावर पडावं, यापरतं यश काय असतं? रमण नेगी हा त्यांचा गायक २०२२ साली बँडमधून बाहेर पडला. बातमी वाचली तेव्हा वाईट वाटलं होतं. पण त्या दिवशी स्टेशन रोडवरून चालताना जाणवलं की २०१५ च्या त्या रेकॉर्डिंगमधून कुणीच बाहेर पडलेलं नाही. तिथे चौघं अजून एकत्र आहेत.

दुसऱ्या दिवशी पुणं. 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स', ईझी वाँडरलिंग्ज या बँडचा २०१७ चा पहिला अल्बम. गाणी लिहिणारा सन्यांत नारोथ. भाषा इंग्रजी. बासरी आहे, व्हायोलिन आहे, एक पुरुषाचा आणि एक बाईचा आवाज आहे, आणि कुणालाही कसलीही घाई नाही. पुण्याचा बँड म्हटल्यावर मला आधी अग्नी आठवतो. के. मोहन आणि कोको यांचा. त्यांचा पहिला अल्बम २००७ चा, हिंदी, चांगला दणदणीत आवाजाचा. आणि त्याच्याही मागे जायचं तर मुंबईचं रॉक मशीन. १९८४ साली जमलेल्या या बँडचा पहिला अल्बम १९८८ साली आला. बँड म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवणारी मंडळी, असा तेव्हा आपल्याकडे समज होता. जितकं हुबेहूब तितका बँड मोठा! तिथून ईझी वाँडरलिंग्जपर्यंत यायला एकोणतीस वर्षं लागली. आता कुणाची नक्कल करायची नाही, कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही, आणि आवाज चढवायचीसुद्धा गरज नाही. हा अल्बम ऐकताना मला नेहमी रविवारची दुपार आठवते. कुठली ते सांगता येणार नाही, पण रविवारचीच.

तिसऱ्या दिवशी डब्लिन. फॉन्टेन्स डी. सी. या बँडचा 'डॉगरेल', २०१९. ही पाच पोरं संगीताच्या कॉलेजात भेटली आणि आधी जमली ती कवितेवरून. बँड म्हणून अल्बम काढण्याआधी यांनी मिळून कवितांच्या दोन पुस्तिका काढल्या होत्या. अल्बमचं नावही तिथलंच. डॉगरेल म्हणजे ओबडधोबड, यमक जुळवून केलेली रस्त्यावरची कविता. आपल्याकडे ज्याला नाक मुरडून 'ट ला ट' म्हणतात ना, साधारण तीच. पहिलं गाणं दोन मिनिटांच्या आत संपतं. गायक ग्रियन चॅटन आपल्या डब्लिनच्या बोलीतच गातो. इंग्रजी गाणारे जगभरचे गायक गाताना अमेरिकन होतात, हा होत नाही. त्याच्या शहराचा पाऊस त्याच्या उच्चारातून पडत राहतो.

तिथे मला आमचा गाणारा आठवला. परभणीचा. हा मुलगा बोलताना "मी जायलो", "तू काय करायलास" असं छान बोलतो, आणि माइकसमोर उभा राहिला की एकदम "जातोय", "करतोयस". वर आवाजाला थोडी अमेरिकन मुरड. मराठीत रॉक बसत नाही, शब्द जड पडतात, हे त्याचं पालुपद. मी त्याला त्याच आठवड्यात गिरणीवर गाठलं आणि 'डॉगरेल'मधली दोन गाणी ऐकवली. मग अभंग रिपोस्ट ऐकवलं. मुंबईचा बँड आहे हा, संतांचे अभंग गिटार, बास, ड्रम आणि तबल्यावर करतात. म्हटलं, "बाबा, सातशे वर्षांपूर्वीचे मराठी शब्द बास गिटारवर बसायलेत, तुझे का नाही बसणार?" तो हसला. म्हणाला, "काका, तुम्ही बी 'बसायलेत' म्हणायलात." म्हटलं, मग! मराठवाड्यातच वाढलोय ना मी. आमच्याकडे पैठण पन्नास किलोमीटरवर आहे, परभणीकरांच्या जिल्ह्यात जनाबाईंचं गंगाखेड आहे. शब्द जड पडतात असं या मातीत तरी कुणी म्हणू नये.

चौथ्या दिवशी लीड्स. इंग्लिश टीचर नावाचा बँड (काय नाव आहे! घरात कुणी विचारलं की काय ऐकतोयस, तर सांगायचं, इंग्लिश टीचर), अल्बम 'धिस कुड बी टेक्सस', २०२४. मोठ्या कंपनीने काढलाय, त्यामुळे काटेकोर अर्थाने इंडी नाही, पण ऐकलात तर हरकत घेणार नाही. त्याच वर्षीचं मर्क्युरी पारितोषिक याला मिळालं. ब्रिटनमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमला मिळणारं हे मानाचं पारितोषिक. लंडनबाहेरच्या कुणाला ते दहा वर्षांत मिळालं नव्हतं. गायिका लिली फॉन्टेन ही कोल्न नावाच्या लहान गावातली. आणि ती गाते कशाबद्दल, तर आपल्या गावाकडच्या गोष्टींबद्दल. एका गाण्याचं नावच मुळी 'जगातली सगळ्यात मोठी फरशी' अशा अर्थाचं आहे. शहाबादी फरशीवर वाढलेल्या मला ते नाव फारच भावलं. शेवटचं गाणं 'अल्बर्ट रोड'. हा त्या गावातला मुख्य रस्ता. पियानो, गिटार, मध्येच ताल बदलणं, सगळं काही करून झाल्यावर अल्बम शेवटी जाऊन थांबतो तो गावच्या रस्त्यावर. मी तेव्हा स्टेशन रोडवर, देवगिरी कॉलेजच्या आसपास होतो. वाटलं, आपल्या स्टेशन रोडवर गाणं का नसावं? या रस्त्यावरून रोज हजारो पोरं कॉलेजला जातात. एकालाही वाटलं नसेल?

वाटलं असणारच. केलंही असणार. फक्त ते राहिलेलं नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. आमच्याही वेळी चौघं होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी वाजवणाऱ्यांत नव्हतो, वायरी उचलणाऱ्यांत होतो. उस्मानपुऱ्यातल्याच संत एकनाथ रंगमंदिरात गॅदरिंग होतं, आणि त्यात या चौघांनी शेवटी स्वतःची दोन गाणी वाजवली. अर्धं थिएटर शिट्ट्या मारत होतं, उरलेलं अर्धं "सिनेमातलं वाजवा" म्हणून ओरडत होतं. दुसरं गाणं फार चांगलं होतं. मला त्याची चाल अजून येते, शब्द अर्धे येतात. पुढे एक पुण्याला गेला, एक दुबईला, एक एमपीएससी करून तहसीलला लागला, चौथा घरचं दुकान बघतो. रेकॉर्डिंग वगैरे कुणाच्या मनातही आलं नाही. त्यासाठी मुंबई-पुण्याला जायचं, तासाचे पैसे मोजायचे, आणि मग त्या टेपचं करायचं काय? सरावाच्या वेळी एकाच्या टेपरेकॉर्डरवर दोन्ही गाणी टेप केली होती. त्या कॅसेटवर पुढे त्यांच्या घरात कुणीतरी हरिपाठ टेप केला. आता हरिपाठाला कोण काय म्हणणार!

यात कुणाचा काही दोष नव्हता. वय सरलं, माणसं पांगली. मोठमोठ्यांचंही असं झालेलं आहे. अरुण कोलटकर आपल्याला 'जेजुरी'चे म्हणून माहीत आहेत. पण सत्तरच्या दशकात ते इंग्रजीतून गाणी लिहीत होते, चांगली गिटारवर म्हणायची गाणी. त्यासाठी ते अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले. काही गाणी रेकॉर्डसुद्धा झाली. पण अल्बम निघाला नाही. २००४ साली कोलटकर गेले, आणि त्या गाण्यांचे शब्द २००९ साली 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' या पुस्तकात छापून आले. शब्द आले, गाणी नाही. मराठीतला एवढा मोठा कवी, त्याचा पहिला अल्बम आपण कधीच ऐकणार नाही. कोलटकरांचा रॉक अल्बम! नुसती कल्पना करून बघा.

आठवडा संपला तेव्हा माझं उत्तर तयार होतं. रात्री जेवणानंतर मी भाच्याला सांगितलं, "अल्बम काढा. सातही गाणी, एकदम, जून संपायच्या आत." त्याने कारण विचारलं. मी लोकल ट्रेनच्या गायकाचं सांगितलं, रंगमंदिराचं सांगितलं, कोलटकरांचं सांगितलं.

तो म्हणाला, "मामा, तुम्ही इमोशनल झालात. हजाराच्या नियमाचं काय?"

खरंच, त्याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिशेब त्याच्याच बाजूने होता. मामी म्हणाली, त्यांचं त्यांना ठरवू दे, तुम्ही कशाला मध्ये पडता. मीही गप्प बसलो.

प्रश्न सोडवला तो ड्रमरने. दोन दिवसांनी मी गिरणीवर गेलो होतो, तेव्हा चौघांचा हाच वाद चालू होता. ड्रमर कमी बोलणारा मुलगा. कोपऱ्यात ड्रमचं कातडं घट्ट करत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "महिन्याला एक सोडलं तर तिसऱ्या गाण्यापर्यंत मी पुण्यात असेन. पाचव्यापर्यंत हा जर्मनीत. सातवं गाणं कोण सोडणार? बँडच नसेल तेव्हा."

कुणी काही बोललं नाही. मग बासवाल्याने मोबाइलमध्ये तारखा लिहायला सुरुवात केली.

मी आठवडाभर चालून जे शोधत होतो ते त्या पोराने तीन वाक्यांत सांगितलं. अल्बम काढायचा तो लोक ऐकतील म्हणून नव्हे, निदान तेवढ्यासाठी नव्हे. चार माणसं एका वयात, एका जागी होती आणि त्यांनी मिळून हे एवढं केलं, याची ती नोंद. पुढे बँड टिकला तर तो पहिला अल्बम म्हणायचा. नाही टिकला तर नुसता अल्बम. आज ऐकताना आपण म्हणतो, बघा, यांची सुरुवात किती छान होती. पण करताना त्यांना कुठे माहीत असतं की ही सुरुवात आहे की शेवट?

मे आणि जून त्यांनी काम केलं. ड्रम गिरणीतच रेकॉर्ड केले, चार माइक लावून, दुपारी दोन ते चार, गल्ली झोपलेली असताना. गिटार आणि बास आमच्या घरी, मागच्या खोलीत, पंखा बंद करून. मे महिन्यात, आमच्या शहरात, पंखा बंद करून! मामी दर अर्ध्या तासाने पाणी नेऊन द्यायची. गाणाऱ्याचा आवाज रात्री. पहिल्या दोन रात्री "जातोय" म्हणत होता. तिसऱ्या रात्री "जायलो" म्हणाला आणि बाकीचे तिघं एकमेकांकडे बघायला लागले. गाणं तेच होतं, चाल तीच होती. पण आता ते कुणाचं तरी झालं होतं. मग त्याने सगळी गाणी पुन्हा म्हटली.

तिसऱ्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबतात. त्या शांततेत लांबून भंगारवाल्याची हाळी ऐकू येते. ड्रमच्या माइकमधून आत आलेली. पुण्यात त्यांचा एक सीनियर मिक्सिंग करत होता, त्याने ती काढून टाकली होती. यांनी परत घालायला लावली.

कव्हरवर गावाचं नाव काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. औरंगाबाद, की २०२३ पासूनचं छत्रपती संभाजीनगर? चौघांच्या घरात चार मतं. शेवटी लिहिलं 'उस्मानपुरा'. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

२८ जूनला अल्बम आला. सात गाणी, एकतीस मिनिटं. तीस तारखेला आम्ही ड्रमरला पुण्याच्या बसमध्ये बसवलं. ड्रम गिरणीतच आहेत, वाकळी पांघरून. गाणाऱ्याने एम.टेक.चा फॉर्म भरलाय. भाचा अजून आमच्याकडे आहे, नोकरी शोधायलाय. रोज सकाळी उठून आकडा बघतो. पहिल्या महिन्यात सातही गाणी मिळून ३१२ वेळा ऐकली गेली. एका गाण्याचे हजार होणं अजून लांबच आहे, त्याचा हिशेब बरोबरच होता. पण परवा म्हणाला, जर्मनीहून रोज रात्री कुणीतरी पाचवं गाणं ऐकतंय. कोण ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आम्ही काही बोललो नाही.

अल्बमचं नाव इथे लिहिणार होतो, पण भाच्याची सक्त ताकीद आहे. मामाच्या ओळखीतून आलेले ऐकणारे मोजायचे नाहीत म्हणे. त्या ३१२ मध्ये माझे किती आहेत, हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.